टाकीकाका आणि त्रेपन्न मिनिटं

मत्स्यालयातली मोठी टाकी चार मीटर खोल आहे. चार! म्हणजे एका माणसाच्या डोक्यावर दुसरा उभा केला आणि त्याने हात वर केला की खोली संपली. आणि या टाकीची काच आतून पुसायला जे दोन रेग्युलेटर मागवले, त्यातला एक दोनशे मीटर खोल समुद्रात चालतो म्हणे आणि दुसरा बर्फाखाली. बर्फाखाली! टाकीतलं पाणी बारा महिने सव्वीस डिग्री. तिथल्या माशांनी बर्फ पाहिलाय तो फक्त स्वतःच्या जेवणाच्या खोक्यात.

पण घ्यायचं तर सगळ्यात भारी असं मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं, आणि साहेबांनी एकदा ठरवलं की पुढे विचार करायची तिथे पद्धत नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रेग्युलेटर म्हणजे सिलिंडर आणि तोंड यांच्यातला मध्यस्थ. सिलिंडरमध्ये हवा इतकी कोंबून भरलेली असते की ती थेट तोंडात सोडली तर फुफ्फुसांचे फुगे होऊन फुटतील. हा मध्यस्थ त्या हवेला आवरतो आणि तुम्ही ओढाल तेवढीच, घासाघासाने भरवतो. एक भाग सिलिंडरच्या डोक्यावर बसतो, मग नळी, आणि नळीच्या टोकाला दातांत धरायचा डबीएवढा भाग. बस्स. आणि यातून एक निवडायला पाच जणांची समिती नेमली, ज्यातल्या तिघांना पोहता येत नव्हतं आणि चौथ्याला शॉवरखाली डोळे उघडायची भीती वाटायची.

पाचवे टाकीकाका. पाण्यात प्रत्यक्ष जाणारे हेच एकटे, त्यामुळे समितीत त्यांना शेवटची खुर्ची. पंख्याच्या मागची.

काकांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही. वय चौपन्न. अंगाने काडी. बावीस वर्षांपूर्वी त्यांना झुबकेदार मिशी होती, पण मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणून ती नोकरीच्या दुसऱ्या दिवशी गेली, आणि "मी लग्न मिशीवाल्याशी केलं होतं" हे वाक्य काकू आजही ऐकवतात. कपाळापासून नाकाखालपर्यंत मास्कचा एक लाल वळ कायमचा उमटलेला. सुट्टीच्या दिवशीही. जणू माणूस सुट्टीवर आणि वळ ड्यूटीवर.

काम रोजचं. सकाळी साडेआठला सिलिंडर पाठीवर, ब्रश आणि स्पंज हातात, आणि टाकीत. मोठ्या काचेची सहा तावदानं आहेत, त्यांच्यावर रात्रीतून शेवाळ धरतं, ते साडेनऊला दारं उघडायच्या आत पुसून मोकळं व्हायचं. वर टाकीच्या काठावर कोळंबीताई. या खरं तर माशांच्या स्वयंपाकघरातल्या, दिवसभर कोळंबी सोलतात आणि माकूळ चिरतात, पण सकाळचा तास काकांच्या कमरेची दोरी हातात धरून बसतात आणि वहीत वेळ लिहितात. पंपाच्या खोलीत भिंतीवर पाटी आहे: एक सिलिंडर, पूर्ण काच. हा नियम कुणी केला, का केला, देव जाणे. पण पाटी रंगवलेली आहे म्हटल्यावर विषय संपला. ज्याला जमणार नाही त्याने पाण्याबाहेर यायचं, काम बाहेरच्या कंपनीला जायचं, आणि त्या माणसाने तिकीटखिडकीवर बसून "दोन मोठे एक लहान" करायचं. पेन्शनपर्यंत.

तिकीटखिडकीचं नाव काढलं तरी काका उठून चालू लागायचे. नोकरीच्या सुरुवातीला एकदा तीन दिवस बसवलं होतं त्यांना तिथे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते काकूंना म्हणाले होते, "अगं, तिथे हवाच नाही." पाण्याखाली राहणारा माणूस हे म्हणतो, काय बोलणार!

तर गोष्ट अशी की गेलं वर्षभर सिलिंडर पुरेनासा झाला होता. पूर्वी सहाही तावदानं लख्ख करून काका वर यायचे तेव्हा काट्यावर भरपूर हवा शिल्लक असायची. आता पाचवं तावदान संपतं न संपतं तोच काटा पन्नासवर, म्हणजे मुकाट्याने वर या. चाळीस मिनिटं. सहावं तावदान हिरवंच. मग काकांनी एक युक्ती काढली. श्वास घ्यायचा आणि सोडायचा नाही. मनात आठ आकडे मोजायचे, मग सोडायचा. झाली की नाही हवेची बचत? झाली. सहावं तावदान पुसून झालं.

आता ही युक्ती अशी आहे की पाणबुड्यांच्या कुठल्याही वर्गात पहिल्या दिवशी पहिल्या तासाला, ही करू नका, म्हणून सांगतात. काकांनी स्वतः चार-पाच जणांना हे बोट नाचवून शिकवलेलं. श्वास कोंडला की आतली खराब हवा रक्तात साठते आणि डोकं असं ठणकतं की विचारू नका. पण बोट नाचवणारा माणूस स्वतः थोडाच त्यात येतो! तर काच स्वच्छ, वहीत वेळ झकास, आणि रोज सकाळी अकराला काकांच्या डोक्यात घण पडायला सुरुवात. काकूंना वाटलं नंबर बदलला. वर्षात दोन चष्मे झाले. दोन्ही चष्म्यांतून डोकं सारखंच दुखायचं.

आणि हे सगळं झाकायला काकांनी खापर कुणावर फोडलं? जुन्या रेग्युलेटरवर.

"साहेब, श्वास जड देतो हो हा."

"काढून टाका हो हा, जुना झाला."

"नवीन असता ना साहेब, तर..."

वर्षभर जो भेटेल त्याला हेच. इतक्यांदा म्हणाले, इतक्या कळवळ्याने म्हणाले, की घात झाला. साहेबांनी ऐकलं. मत्स्यालयाच्या इतिहासात पहिल्यांदा वरच्याने खालच्याचं ऐकलं आणि ते नेमकं काकांच्या मुळावर आलं. दोन कंपन्यांकडून पंधरा दिवसांच्या बोलीवर दोन चकचकीत रेग्युलेटर आले. एक ठेवायचा, एक परत.

काकांची काय पंचाईत झाली बघा! जुना जड होता तोवर दोष जुन्याचा. आता जगातला सगळ्यात हलका श्वास देणारा रेग्युलेटर दातांत धरायचा, आणि तरीही चाळीसच मिनिटं झाली तर? मग जड काय आहे ते उघडंच पडलं की.

म्हणून पहिले पाच दिवस काकांनी दोन्हीतला एकही ओला केला नाही. पाच दिवस! रोजचं काम जुन्यावरच, नव्यांना नुसती नावं ठेवली. पहिला टायटॅनियमचा होता, छोटासा, पिसासारखा हलका. काका म्हणाले, "फारच हलका आहे, दातांत आहे की नाही कळायचं नाही." दुसरा पितळेचा, बोजड, डबीच्या खालून दोन्ही बाजूंना बेडकाच्या पायांसारखे रुंद फाटे निघालेला. काका म्हणाले, "जबडा उतरेल माझा." मग टायटॅनियमच्या नळीचा रंग मासे बिथरवेल. पितळेचा चावताना रबराचा वास येतो. कोळंबीताई माकूळ चिरता चिरता ऐकत होत्या.

"काका, लग्नाच्या वेळी मुलीही अशाच बघितल्यात का हो?"

"तुला काय कळतंय यातलं."

"मला दोरी कळते. पाच दिवस ती जुन्यालाच घेऊन खाली जातेय."

इकडे समितीला धीर नव्हता. पाण्यातली चाचणी होत नाही म्हटल्यावर खरेदीवाल्यांनी बैठकीच्या खोलीतच चाचणी घेतली. खरेदीवाले म्हणजे टाय लावून बादली आणायला लावणारा माणूस. टायटॅनियमचा सिलिंडरला जोडून टाकीच्या खाऱ्या पाण्यात बुडवला, गप्प राहिला. खरेदीवाल्यांनी लिहिलं: उत्तम. मग पितळेचा बुडवला, पण तो तोंड वर करून. झालं! हे भारी रेग्युलेटर इतके हळवे असतात की तोंड वर करून पाण्यात टाकलं तर त्यांना वाटतं कुणी तरी श्वास मागतंय, आणि ते देतच सुटतात. फर्रर्रर्र! बादली उकळायला लागली, अर्धं पाणी टेबलावर, फायली तरंगल्या, साहेबांचा चहा खारट. तो नुसता उलटा केला असता तर लगेच थांबला असता. पण उलटा करणार कोण, सगळे खुर्च्यांवर चढलेले. पंख्याच्या मागून काका ओरडत होते, "तोंड खाली करा, तोंड खाली!" तर खरेदीवाल्यांनी स्वतःचं तोंड खाली केलं.

नंतर त्यांनी लिहिलं: गळतो.

सहाव्या दिवशी साहेबांनी फर्मान काढलं. उद्या टायटॅनियम, परवा पितळ, दोन्ही टाकीत, पूर्ण काच, समिती समोर उभी राहणार. पळवाट संपली.

पहिल्या दिवशी समिती काचेबाहेर कप घेऊन रांगेत उभी. आत काका. हातभर अंतरावर चार माणसांचे डोळे, आणि कानात फक्त स्वतःचा श्वास. टायटॅनियमचा श्वास खरंच हलका होता, पण डबी इतकी छोटी की सोडलेल्या हवेचे बुडबुडे थेट मास्कसमोर. काच दिसेना. दिसत होते ते साहेबांचे बूट. आणि काकांनी तेच केलं जे ते वर्षभर करत होते, फक्त आज जास्त जोरात. आठऐवजी बारा मोजले. ओठ आवळून, डोळे ताणून, एकेक श्वास मुठीत धरल्यासारखा.

त्रेपन्न मिनिटं! सहाच्या सहा तावदानं. बाहेर समितीने टाळ्या वाजवल्या, आत ऐकू आल्या नाहीत, पण हात हलताना दिसले.

काका शिडीने वर आले आणि शेवटच्या पायरीवर बसूनच राहिले. चेहरा लालबुंद. स्पंज हातातच होता आणि ते स्पंज शोधत होते. कोळंबीताईंनी दोरी सोडली, मास्क काढला, आणि जवळ वाकून हळूच म्हणाल्या,

"बुडबुडे मोजत होते मी वरून."

काका स्पंज शोधतच राहिले.

"एक आला की पुढचा यायला इतका वेळ, की दोनदा मी दोरी ओढायला उठले. श्वास काय माझ्यासाठी शिल्लक ठेवत होतात?"

"त्रेपन्न लिही," काका म्हणाले. "आणि कुणाला बोलू नकोस."

"लिहिलं. पण दुसऱ्या तावदानावर वर हिरवा पट्टा राहिलाय हातभर. तो समितीला नाही दिसला, मला दिसतो."

त्या दिवशी घरी काका भिंतीकडे तोंड करून पडले. काकू डोक्याला तेल चोळत होत्या आणि चोळता चोळता थांबल्या.

"अहो."

उत्तर नाही.

"अहो, मी काय विचारतेय, डॉक्टरकडे जायचं का?"

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "नको."

"हे बघा, हेच! वर्षभर बघतेय मी. काही विचारलं की तुम्ही छाती फुगवून थांबता आणि मग बोलता. मला आपलं वाटायचं, वय झालं, आता बायकोला विचार करून उत्तर द्यायला लागलाय. मैत्रिणींना सांगितलं हो मी कौतुकाने! तुम्ही श्वास धरून बसता का?"

काकांनी सराव म्हणून घरीही आठ मोजायची सवय लावून घेतली होती. जेवताना, दाढी करताना. आता पकडले गेले. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच सगळं सांगितलं, चाळीस मिनिटांचं, आठ आकड्यांचं, आजच्या बाराचं. काकूंनी ऐकून घेतलं. मग तेलाची बाटली घट्ट बंद केली आणि ठेवली.

"दोन चष्मे केले मी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "एका टाकीच्या काचेसाठी मरायला निघालाय, आणि मी चष्मे करतेय!" आणि आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, जो काही भांडी घासल्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पितळ.

काकांनी दातांत धरला, जबडा उतरला वगैरे नाही. खाली गेले. आज समितीतले दोघेच आले होते, कालच्या टाळ्यांनी बाकीच्यांचं काम झालं होतं. पहिला श्वास ओढला आणि काका जरा बावचळले. श्वास ओढावाच लागला नाही. नुसतं मनात आलं आणि हवा हजर. सोडला तर बुडबुडे त्या बेडकाच्या पायांमधून दोन्ही कानांकडे निघून गेले आणि समोर काच. स्वच्छ समोर. वर्षभरात पहिल्यांदा काकांना काच दिसली आणि काय दिसलं तिच्यावर! कालचा हातभर पट्टा होता, कोपऱ्यांत जुन्या शेवाळाच्या रेघा होत्या, चौथ्या तावदानाच्या कडेला गोगलगायीच्या अंड्यांचा एक आख्खा पुंजका होता, आणि हे सगळं रोज आपण पुसलं म्हणून वहीत लिहून घेत होतो! काकांना इतकी लाज वाटली, इतका राग आला, की ते कामाला भिडले. कोपरे खरवडले, रेघा काढल्या, डोकं खाली पाय वर करून तळाची कड घासली. बाविसाव्या वर्षी पहिल्या वर्षासारखे घासत होते. आणि या भरात ते मोजायलाच विसरले. आठ नाही, बारा नाही, काहीच नाही. श्वास आपला येत होता, जात होता.

काटा पन्नासवर आला तेव्हा एक्केचाळीस मिनिटं झाली होती. पाच तावदानं अशी की काच आहे की नाही कळू नये. सहावं हिरवंगार.

काका वर आले, कपडे बदलले, आणि पंपाच्या खोलीत स्टुलावर बसून डोकं दुखायची वाट बघायला लागले. अकरा वाजले. सव्वाअकरा. बारा. पाहुणा आलाच नाही.

दुपारी बैठक. साहेबांनी वही उघडली. "त्रेपन्न आणि एक्केचाळीस. गणित सरळ आहे. टायटॅनियम हवा वाचवतो."

"शिवाय दुसरा गळतो," खरेदीवाले म्हणाले. बादलीचा राग गेला नव्हता.

"मग टायटॅनियम. काका, सही."

पंख्याच्या मागे काका. समोर कागद. सही केली की त्रेपन्न मिनिटांचा माणूस म्हणून निवृत्तीपर्यंत पाण्यात. रोज बारा मोजायचे. रोज अकराला घण. आणि एखाद्या दिवशी पायरीपर्यंतही पोचणार नाही, हे कोळंबीताईंच्या तोंडावर काल स्पष्ट लिहिलेलं होतं. सही नाही केली तर तिकीटखिडकी.

"साहेब," काका म्हणाले, "ते त्रेपन्न खोटे आहेत."

"म्हणजे घड्याळ चुकलं?"

"घड्याळ बरोबर आहे. मी चुकीचा आहे. मी श्वास कोंडून धरत होतो. वर्षभर धरतोय. जुना रेग्युलेटरही जड नव्हता, साहेब. मी जड झालोय. खरी मिनिटं चाळीस, एक्केचाळीस. कुठलाही लावा." आणि मग आवाज चढला त्यांचा, स्वतःलाच माहीत नव्हतं इतका. "पण पितळेच्यात मला काच दिसते! टायटॅनियममध्ये तुमचे बूट दिसतात!"

साहेबांनी नकळत पाय खुर्चीखाली घेतले.

"पण मग," साहेब म्हणाले, "पाटीचं काय? एक सिलिंडर, पूर्ण काच."

"पाटीप्रमाणे मी नापास," काका म्हणाले. "बसवा खिडकीवर. पण जो कोणी खाली जाईल त्याला पितळेचा द्या."

साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त साहेब होते. त्यांनी आधी काकांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी छाती ठोकून बघितली, नळीत फुंकायला लावलं आणि म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. "वयाच्या मानाने" हे दोन शब्द काकांना तिकीटखिडकीपेक्षा जास्त लागले. मग साहेबांनी टायटॅनियमची चाचणी पुन्हा घेतली, श्वास न कोंडता, कोळंबीताईंना बुडबुडे मोजायला बसवून. चाळीस मिनिटं, चारच तावदानं, आणि तीही रेघोट्यांची. टायटॅनियम खोक्यात गेला. पितळ राहिला. खरेदीवाल्यांनी "गळतो" वर बारीक काट मारली, अशी की वाचता यावं.

राहिला नियम. आता पाटी काय अशीच पुसतात? तिच्यासाठी रीतसर समिती नेमावी लागते. ती नेमली. एका सिलिंडरऐवजी दोन चालतील का, यावर अहवाल द्यायचा आणि अहवाल येईपर्यंत काकांनी दोन सिलिंडर वापरावेत असं तात्पुरतं ठरलं. समितीची पहिली बैठक दोनदा पुढे गेली, तिसऱ्यांदा झाली तेव्हा अध्यक्ष कोण यावरच संपली. काकांच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. समितीचा एकूण वेग बघता काका निश्चिंत आहेत.

फक्त झालं काय, की दुसरा सिलिंडर लावून काका सहाव्या तावदानाशी येतात तोवर साडेनऊ होतात आणि दारं उघडतात. पहिल्याच दिवशी काचेबाहेर ही गर्दी! पोरं नाकं चिकटवून उभी, आया मोबाइल धरून. काकांनी आतून हाताने "सरका, सरका" केलं, तर सगळ्यांना वाटलं टाटा करतायत. सगळ्यांनी टाटा केला. साहेब मागे उभे राहून बघत होते आणि आठवडाभरात दारावर नवीन पाटी लागली: रोज साडेनऊला पाणबुड्याचं प्रात्यक्षिक. कल्पना अर्थातच साहेबांची.

"घ्या, हिरो झालात," वर आल्यावर कोळंबीताई म्हणाल्या.

"हिरो कसला. नाकांचे डाग पडतात बाहेरून," काका म्हणाले आणि धापा टाकत पायरीवर बसले, मनसोक्त, तोंड उघडं टाकून, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता. "ते कोण पुसणार, तुझा बाप?"

"बाहेरची काच माझ्याकडे नाही."

"माझ्याकडेही नाही. विचार समितीला."